चौथ्या गटाची बाटली

उंदीरमामा हे नाव त्याला विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. औषधशास्त्राच्या महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला, वाहनतळाच्या पलीकडे, एक बुटकी, बिनखिडक्यांची इमारत होती. दारावर पाटी 'प्राणिगृह' अशी, पण सगळ्यांच्या तोंडात उंदीरघर. तिथला राखणदार, झाडूवाला, वाढपी आणि वेळप्रसंगी दाई, सगळं एकटा तोच. सकाळी आठला कुलूप काढायचं, भिंतीवरचा तापमापक बघून वहीत आकडा लिहायचा, पिंजऱ्यांतला ओला भुसा काढून कोरडा घालायचा, पाण्याच्या बाटल्या उलट्या करून तोटीतून थेंब येतोय ना ते बोटाने तपासायचं. बाहेरच्या माणसाला तिथला वास दोन मिनिटं सोसवत नसे. मामाला तो येतच नसे. नवी विद्यार्थिनी उंदराला घाबरून किंचाळली की तो तिच्या हातातून उंदीर अलगद काढून घ्यायचा, स्वतःच्या बाहीवर बसवायचा आणि म्हणायचा, "तुम्ही घाबरलात ना, त्याच्या दुप्पट तो घाबरलाय. आधी त्याला धीर द्या."

घाबरण्यातलं त्याला कळत होतं. त्या विषयात त्याचा अभ्यास दांडगा होता, फक्त महाविद्यालयात कुणाला त्याची कल्पना नव्हती.

बाविसाव्या वर्षी त्याचं डोकं बिघडलं होतं. आधी शेजारचे लोक भिंतीतून त्याच्याबद्दल बोलू लागले, मग रस्त्यावरचे, मग नळाचं पाणी. तीन दिवस तो इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे लपून बसला होता. मोठ्या बहिणीने, अक्काने, त्याला शोधून काढला. ती त्याच्याशेजारी नुसती बसून राहिली, चार तास. मग हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. तेव्हापासून गोळी. रोज सकाळी चहाबरोबर एक पांढरी गोळी, आणि महिन्याकाठी डॉक्टरांकडे एक फेरी. "झोप बरी लागते का? आवाज येतात का? बरं, चालू ठेवा." चौदा वर्षांत ह्याच्या पलीकडे डॉक्टरांनी कधी काही विचारलं नाही आणि ह्याने कधी काही सांगितलं नाही.

अक्काने त्याला एक युक्ती शिकवली होती. "आवाज आला की दोन्ही कानांत बोटं घाल. थांबला तर तो बाहेरचा. थांबला नाही तर तो आतला. आतला असला तर घाबरायचं नाही, मला सांगायचं." गोळी सुरू झाल्यावर ती युक्ती वापरायची वेळच आली नाही.

लग्न ठरताना अक्का म्हणाली होती, सांगू नकोस, मोडेल. त्याने तरी सांगितलं. मुलगी शर्टाच्या कारखान्यात कॉलर बसवायचं काम करायची. बोलायला फटकळ, हाताला चपळ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोळी रोज घेता ना?"

"रोज."

"मग झालं तर. माझ्या काकांनाही साखरेची गोळी रोज लागते. त्यांच्या बायकोने काय घर सोडलं?"

असं ते लग्न झालं, आणि पहिलं वर्ष त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं गेलं. मग घर बदलायच्या गडबडीत त्याची झोप उडाली. डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. झोप आली, डोकं शांत झालं, आणि त्याबरोबर दुसरंही काहीतरी शांत झालं. बायको जवळ आली की त्याचं शरीर जणू दुसऱ्याचंच असल्यासारखं पडून राहायचं. आधी त्याला वाटलं, दमणूक. मग वाटलं, वय. मग त्याने वाटून घेणंच सोडलं. तो कुशीवर वळून भिंतीकडे बघत पडायचा, आणि ती काही बोलायची नाही. एवढी बोलकी बाई ह्या एका बाबतीत गप्प बसते, ह्याचीच त्याला भीती वाटायची. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली, पाळणा हलला नव्हता.

आणि मग मॅडमचा प्रयोग आला.

मॅडम म्हणजे पीएच.डी. करणारी एक उंच, चष्मेवाली, सदा घाईत असलेली मुलगी. वयाने त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण पांढरा कोट घातला की सगळ्याच मॅडम. एका सकाळी ती चोवीस नर उंदीर, एक खोका आणि एक वही घेऊन आली. खोक्यातल्या डबीवरचं नाव मामाने वाचलं. रोज सकाळी चहाबरोबर तो जे गिळत होता, तेच नाव.

"हे कशाचं औषध, मॅडम?" त्याने शक्य तितक्या सहज विचारलं.

"डोकं बिघडलेल्या माणसांचं." ती वहीत रकाने आखत होती. "औषध चांगलं आहे. माणसं सावरतात त्याने. पण पुरुषांवर त्याचा दुसरा परिणाम होतो. इच्छा मरते, शुक्राणू कमी होतात. कुणी बोलत नाही ह्याच्यावर. लाजतात, नाहीतर गोळीच सोडून देतात. म्हणून आपण बघायचं की झाडपाल्याने त्यांचं त्यापासून रक्षण होतं का."

मामाच्या हातातला पिंजरा हिंदकळला. आतला उंदीर घसरला आणि त्याच्याकडे टकामका बघू लागला.

झाडपाला म्हणजे चार वनस्पतींचा अर्क. त्याचं वहीतलं नाव लांबलचक होतं, पण दोनच दिवसांत सगळे त्याला काढा म्हणू लागले. उंदरांचे चार गट केले. पहिल्याला नुसतं पाणी. दुसऱ्याला औषध. तिसऱ्याला औषध आणि थोडा काढा. चौथ्याला औषध आणि दुप्पट काढा. रोज दहा वाजता मामाने उंदीर धरायचा आणि मॅडमने नळीने त्याच्या घशात मात्रा सोडायची. साठ दिवस.

त्या साठ दिवसांत मामा दुसऱ्या गटाकडे नीट बघू शकला नाही. पाणी बदलतानाही तो मान खाली घालायचा. शेवटच्या आठवड्यात मॅडमने एकेका नराच्या पिंजऱ्यात तासभर मादी सोडली आणि घड्याळ लावून बसली. पहिल्या गटातले नर लगेच मादीच्या मागे. चौथ्या गटातलेही, थोडे रमतगमत, पण मागे. दुसऱ्या गटातला, ओळखीसाठी शेपटी पिवळी रंगवलेला नर मात्र कोपऱ्यात बसून स्वतःच्या मिशा साफ करत राहिला. मादी जवळ आली, तिने त्याला हुंगलं, वाट बघितली आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. मॅडमने वहीत शून्य लिहिलं. मामा पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेला आणि वाहनतळाच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

प्रयोग संपला की तपासणीसाठी उंदीर मारतात, तेव्हा तो तिथे थांबत नसे. पण ते उरकताच मॅडमने त्याला उत्साहाने प्रयोगशाळेत बोलावलं. "या मामा, तुम्हीही बघा. तुमचीही मेहनत आहे ह्यात." सूक्ष्मदर्शकात पहिल्या गटाचे शुक्राणू बघितले, तर शाळा सुटल्यावर पोरं धावतात तशी पळापळ. मग तिने काच बदलली. दुसरा गट. इथे एक, तिथे एक, आणि तेही जागच्या जागी थरथरत. मग चौथा. पुन्हा धावपळ, पहिल्याइतकी नाही, पण धावपळ.

"बघितलंत?" ती हसत होती. "काढ्याने वाचवलं!"

मामाही हसला. चेहऱ्यावर हसू कसं ठेवायचं, हे तो चौदा वर्षांत शिकला होता. आत मात्र एकच गोष्ट घुमत होती: मी दुसरा गट आहे.

त्याच क्षणी खरं तर डॉक्टरांकडे जायला हवं होतं. पण डॉक्टरांना काय सांगायचं? खोलीत सहाय्यक असते, दाराबाहेर रांग असते. आणि डॉक्टर म्हणाले, "मग गोळी बंद करू या," तर? गोळी बंद म्हणजे पाण्याची टाकी. डॉक्टर म्हणाले, "इलाज नाही," तर? मग बायकोला काय तोंड दाखवायचं? इकडे आड तिकडे विहीर. आणि उंदीरघराच्या फ्रीजमध्ये, त्याच्याकडेच किल्ली असलेल्या कुलपाआड, चौथ्या गटाची बाटली उभी होती.

प्रयोगाची दुसरी बॅच सुरू झाली, मोठी, अठ्ठेचाळीस उंदरांची. पहिली नुसती चाचणी होती, ही खरी. तिच्यावरच मॅडमचा प्रबंध उभा राहणार होता. मॅडम दर सोमवारी काढा तयार करून बाटल्या भरायची. पहिल्या सोमवारनंतर तिसऱ्या दिवशी मामाने सकाळी आठ वाजता, दार आतून लावून, दोन चमचे काढा प्यायला. कडू जहर. कमी झालेली पातळी त्याने नळाच्या पाण्याने भरून काढली, बाटली हलवली, पुसली आणि जागेवर ठेवली. मग पिंजऱ्यांकडे वळला तर अठ्ठेचाळीस जोडी डोळे. उंदीरच ते, पण चोराच्या मनात चांदणं.

रोज दोन चमचे. मग तीन. दोन आठवड्यांनी त्याला वाटलं, शरीर जागं होतंय. खरंच होत होतं की नुसती आशा, कोण सांगणार? पण आशेने माणूस धीट होतो आणि मूर्खही. त्याने हिशेब मांडला: काढा रक्षण करतोय ते ठीक, पण विष कमी केलं तर रक्षणही जास्त होईल. त्याने गोळी अंगठ्याच्या नखाने मधोमध मोडली. अर्धी गिळली, अर्धी मोरीत सोडली.

बायकोसमोर तो रोज चहाचा घोट घेऊन मान मागे टाकायचा. तिला संशय यायचं कारणच नव्हतं.

चौथ्या आठवड्यात उंदीरघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा बोलू लागला.

आधी नुसतं पुटपुटणं. पंख्याचं पातं कुठेतरी घासत असेल, असं म्हणून त्याने स्टुलावर चढून जाळी साफ केली, तेल घातलं. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तो भुसा पसरत असताना पंखा स्पष्ट म्हणाला, "पाणी घातलंस." त्याच्या हातातून घमेलं पडलं. त्याने कानांत बोटं घातली. घट्ट. पंख्याची घरघर थांबली. पण शब्द थांबले नाहीत. "पाणी घातलंस. पाणी घातलंस."

आतला.

चौदा वर्षांनी आलेला तो आवाज त्याने लगेच ओळखला, जुना सावकार दारात उभा राहिल्यावर ओळखावा तसा. भीती अशी की दारापर्यंतची दहा पावलं संपता संपेनात. अक्काने सांगितलं होतं, मला सांग. पण सांगायचं तर गोळी मोडल्याचं सांगायला हवं, आणि गोळी का मोडली ते, आणि काढ्याचं, आणि कुशीवर वळण्याचंही. एका धाग्याला हात घातला की सगळंच उसवणार. उद्यापासून पूर्ण गोळी, असं त्याने रोज ठरवलं आणि रोज सकाळी त्याच्या नखाने ती मोडली.

तो लवकर घरी येऊ लागला, पडदे ओढून बसू लागला. बायकोने विचारलं, "काय झालंय?" तो म्हणाला, "डोळे दुखतात." तिने डोळ्यांत टाकायचे थेंब आणून दिले. ते त्याने इमानेइतबारे टाकले.

साठ दिवस संपले. मॅडमने सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि ह्या वेळी मामाला बोलावलं नाही. दोन दिवस ती वहीतले आकडे पुन्हा पुन्हा जुळवत बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी मामा मुख्य इमारतीत भुशाच्या पोत्यांची मागणी द्यायला गेला होता. सरांच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

"चौथा गट दुसऱ्यासारखाच आलाय," मॅडमचा आवाज. "काडीचा फरक नाही. असं कसं होईल, सर? मी बाटल्या तपासल्या. काढा पातळ आहे. कुणीतरी पाणी घातलंय."

"फ्रीजची किल्ली कुणाकडे असते?" सरांचा आवाज.

"मामांकडे."

मामा भिंतीला चिकटला. हे खरं की तेच? पंखाही हेच म्हणत होता. शब्द तेच, आरोप तोच. त्याने कागद खिशात कोंबले आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

आवाज थांबले. पूर्ण शांतता.

बोटं काढली. "...उद्या सकाळी बोलावून घेऊ त्यांना."

बाहेरचा होता. खराखुरा होता. आतला आवाज आला तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती त्याला ह्या खऱ्या आवाजाची वाटली. आतल्या आवाजाला निदान गोळी होती. तो जिना उतरला, फाटकाबाहेर पडला आणि चालत सुटला. रस्त्यावरची प्रत्येक खिडकी त्याच्याकडे वळून बघत होती. टाकी कुठे आहे, असा विचार मनात आला, आणि आपण टाकी शोधतोय हे लक्षात येताच तो भर रस्त्यात थबकला. मागच्या सायकलवाल्याने शिवी हासडली. त्या शिवीने त्याला जरा बरं वाटलं. ती नक्की बाहेरची होती.

मग तो बायकोच्या कारखान्याकडे वळला.

कारखान्यात एका लांबलचक खोलीत चाळीस शिलाई यंत्रं एकदम धडधडत होती. दारावरच्या बाईने आत निरोप दिला. बायको गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचणी, तशीच बाहेर आली. त्याचा चेहरा बघून तिने टाचणी काढून पदरात खोचली.

"अहो, काय झालं?"

जिन्याखाली कापडाचे गठ्ठे रचले होते. त्यांच्यामागे उभं राहून त्याने सांगितलं. नीट सांगता येईना. उंदीर, डबी, काढा, पाणी, नख, पंखा, सगळं उलटसुलट. तिने मध्येच एकदा हात वर केला.

"थांबा. एकच सांगा. गोळी किती दिवस अर्धी?"

"सहा आठवडे."

"आणि आवाज?"

"चार."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती घाबरते, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आता ही जाणार, त्याला वाटलं. पण तिने त्याचं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"मला वाटायचं, मी तुम्हाला नकोशी झालेय," ती म्हणाली. "दोन वर्षं मला तेच वाटत होतं. मी एकटी जाऊन तपासून आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझ्यात काही दोष नाही, नवऱ्याला घेऊन ये. पाच महिने ते कागद मी शिवणाच्या डब्यात, दोऱ्यांखाली लपवून ठेवलेत. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही पुन्हा आजारी पडाल, ह्या भीतीने. आणि तुम्ही इकडे उंदरांचं औषध चोरून पिताय!" ती हसली की रडली, ते यंत्रांच्या धडधडीत कळलं नाही. "दोन शहाण्यांचा संसार आपला! चला."

"कुठे?"

"आधी डॉक्टर. मग उद्या तुमच्या मॅडम. मी येते दोन्हीकडे."

डॉक्टरांकडे तिने सहाय्यकेला बाहेर जायला सांगितलं, आणि ती गेलीसुद्धा. मामा बोलला. जिथे अडला तिथे बायको बोलली. डॉक्टर वयस्क होते, थकलेले. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"दोन वर्षांत तुम्ही मला हे एकदाही सांगितलं नाहीत," ते म्हणाले.

"चौदा वर्षांत तुम्हीही विचारलं नाहीत," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. "खरं आहे. विचारायला हवं होतं." त्यांनी कागदावर रक्ताच्या तपासण्या लिहिल्या. "ह्या गोळीने एक हार्मोन वाढतं. त्याने हे सगळं होतं. सगळ्यांना होत नाही, पण पुष्कळांना होतं, आणि त्यावर उपाय असतो. हे न वाढवणारी दुसरी गोळी आहे. पण बदल सावकाश करावा लागतो, आणि तोही तुमचे आवाज थांबल्यावर. तोपर्यंत पूर्ण गोळी, आजपासून."

"आणि काढा?" मामाने विचारलं.

"एक थेंब नाही. आवाज कशाने परतले, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. बहुधा अर्ध्या गोळीने. पण काही झाडपाला गोळीशी भांडतो, काही यकृतावर येतो. झाडाचं आहे म्हणजे निरुपद्रवी, असं नसतं. उद्या कदाचित त्यातून चांगलं औषध निघेलही. पण उंदराची मात्रा चमच्याने मोजून माणसाने पिऊ नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमने बोलवायच्या आधीच मामा तिच्यासमोर उभा राहिला. बायको दारात. त्याने डबीवरच्या नावापासून सुरुवात केली आणि दोन चमच्यांपर्यंत आला. मग मॅडमने वही उघडली आणि एकेका पानावर पट्टीने तिरपी रेघ मारत गेली. साठ दिवसांची साठ पानं. कागदावर लेखणी खरखरत होती, आणि मामाला वाटलं, ह्यापेक्षा तिने थोबाडीत मारलेली परवडली असती.

"अठ्ठेचाळीस जीव, मामा," ती शेवटी म्हणाली. "तुम्हीच धरले होते ना ते? फुकट गेले."

तेव्हा तो रडला. नोकरीसाठी नाही, आजारासाठीही नाही. त्याच्या हातात निमूट मान टाकणाऱ्या अठ्ठेचाळीस उंदरांसाठी रडला.

मॅडमने चष्मा काढला, डोळे पुसले आणि एकदम ओरडली, "आणि तुम्हाला काही झालं असतं तर? यकृताची तपासणी केलीत का? नाही? आज करा! मला कागद आणून दाखवा!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी हा विषय घेतला, कारण माझ्या भावाने ह्याच कारणासाठी गोळी सोडली होती. तो नाही सावरला. आणि माझ्या नाकासमोर, माझ्याच उंदीरघरात..."

सरांनी चौकशी लावली. महिनाभर मामाला घरी बसवलं, मग उंदीरघराची किल्ली काढून घेऊन काचसामान धुण्याच्या खोलीत नेमलं. आजाराचं आता सगळ्यांना कळलं होतं. काही जण त्याच्याशी जरा मोठ्याने, सावकाश बोलू लागले, लहान मुलाशी बोलावं तसं. एक-दोघं जेवायच्या टेबलावरून उठून गेले. पण एका दुपारी ग्रंथालयातला जाडजूड शिपाई नळाशी हात धूत धूत हळूच म्हणाला, "तुमच्या डॉक्टरांचा पत्ता द्याल का? माझ्या मेहुण्यासाठी." मेहुणा नव्हताच, हे दोघांनाही ठाऊक होतं. मामाने पत्ता दिला.

आवाज जायला पाच आठवडे लागले. मग गोळी बदलायचे तीन महिने. ते तीन महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात भित्रे महिने. जुनी पाव पाव कमी व्हायची, नवी तितकी वाढायची, आणि रोज जाग आल्याबरोबर तो कान देऊन पडून राहायचा. गल्लीत कुणी बोलतंय का? कानांत बोटं. थांबलं. बरं. पाइपातून पाणी वाहतंय का? बोटं. थांबलं. बरं. बायको त्याच्याकडे बघत असायची. "झाली का तुमची कानांची तपासणी? मग उठा, चहा थंड होतोय." पण त्याने मान हलवेपर्यंत तीही चहाचा घोट घेत नसे.

शरीर हळूहळू परतलं. एका सुट्टीच्या दुपारी तो भिंतीकडे वळला नाही. संध्याकाळभर बायको कारणाशिवाय हसत होती.

मॅडमने तिसरी बॅच केली, नव्या राखणदाराबरोबर, फ्रीजला दोन कुलपं लावून. काढ्याने फरक पडला, पण पहिल्या वेळेइतका नाही. "थोडासा," तिने काच धुण्याच्या खोलीत येऊन त्याला सांगितलं. "उंदरांमध्ये. माणसांचं अजून काहीच माहीत नाही. तसंच लिहिणार आहे." प्रबंध वर्षभर उशिरा झाला. त्या उशिराचा दोष कुणाचा, हे तिने प्रबंधात लिहिलं नाही. तोंडी परीक्षेत मात्र दुसऱ्या बॅचचं काय झालं, ते सगळं सांगितलं, त्याचं पद आणि नाव वगळून.

दीड वर्षाने बायकोची पाळी चुकली. बातमी ऐकून मामा आनंदाने उडी मारेल असं तिला वाटलं होतं. तो पलंगाच्या कडेवर मटकन बसला. माझ्या गोळीने बाळाला काही झालं तर? आणि माझा आजारच त्याच्या डोक्यात गेला तर?

पूर्वी असता तर हा प्रश्न त्याने वर्षभर पोटात ठेवला असता. त्या दिवशी त्याने दवाखाना उघडायच्या आधीच फोन लावला, तीनदा, आणि चौथ्यांदा डॉक्टरांनी स्वतः उचलला.

"आजार उतरतो का?" त्याने विचारलं. ना नमस्कार ना काही.

"धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे खोटं सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण अशा बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. गोळीचंही बोलू. दोघं मिळून या, सगळं विचारा, मी वेळ राखून ठेवतो. आणि हे बघा, अभिनंदन."

त्याने फोन ठेवला. भीती कमी झाली नव्हती, पण आता तिला वाटेकरी होते. बायकोने विचारलं, "काय म्हणाले?"

"बहुतेकांना होत नाही म्हणाले."

"आणि उरलेल्यांना?"

"ते डॉक्टरांना विचारायचंय. जाऊ या दोघं. तू पण तुझे प्रश्न लिहून ठेव."

ती कपाटातून वही घेऊन आली, त्याच्याशेजारी बसली, आणि दोघांनी लिहायला सुरुवात केली. पान भरलं. मग दुसरं.